डोंगरउतारावर पुरलेले नळ आणि त्यांवर पडणारा ताण

कृष्णा, कोयना, वारणा आणि येरळा या नद्यांचे पाणी खाली आणि तहानलेला माळ वर, हा सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतीचा फार जुना पेच आहे. खोडशीच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कृष्णा कालव्याने नदीकाठची काळी जमीन भिजविली. पण कालव्याचे पाणी उतारानेच जाणार, माळावर ते चढावे कसे? १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीत पुढे पंप तयार होऊ लागले आणि या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्याच्या हाती आले. आज ताकारी, म्हैसाळ व टेंभू या योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत अशा तालुक्यांकडे नेत आहेत. त्यांच्या जोडीस गावोगावच्या सहकारी पाणीपुरवठा संस्था व व्यक्तिशः शेतकऱ्यांच्या लहानमोठ्या पाइपलाइनी आहेतच.

अशा कामात घातलेल्या भांडवलापैकी फार मोठा भाग जमिनीखाली पुरला जातो. पंप डोळ्यांसमोर असतो, त्याची निगा राखली जाते. नळावर मात एकदा माती लोटली की तो फुटेपर्यंत त्याची आठवण होत नाही. आणि फुटतो तो बहुधा ऐन आडसालीच्या पाण्याच्या वेळी, चढणीच्या अवघड जागी. मग ‘पाइप हलका निघाला’ असे म्हणून दोष विक्रेत्यास दिला जातो. काही वेळा तो खराही असतो. परंतु उतारावरील नळ आतील पाण्याच्या दाबाने फुटतो त्याहून अधिक वेळा बाहेरील मातीच्या ओढीने तुटतो, ही गोष्ट ध्यानात आल्यावाचून दुरुस्तीवर केलेला खर्च व्यर्थ होय. तोच नळ त्याच जागी पुन्हा जोडला, तर पुढील पावसाळ्यात तो पुन्हा निखळणार.

या विषयाचा खरा कसून अभ्यास झाला तो पाण्याच्या नव्हे, तेलाच्या नळांवर. पाण्याचा नळ फुटला तर एक दोन वाफे वाहून जातात. तेलाचा फुटला तर ओढा, विहीर आणि शेत वर्षानुवर्षे नासते. म्हणून त्या धंद्यातील लोकांनी यावर पुष्कळ द्रव्य व बुद्धी खर्च केली आहे. आपल्याकडे हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबईहून पुण्यास व पुढे सोलापुरास जाणारी तेलवाहिनी सह्याद्री ओलांडून येते. गेल कंपनीची दाभोळ ते बंगळूर ही वायुवाहिनी २०१३ साली सुरू झाली, तीही कोकणपट्टीतून घाट चढूनच देशावर येते. या नळांच्या आखणीत जी तत्त्वे पाळतात, त्यांतील बरीचशी आपल्या आठ इंची नळासही तितकीच लागू पडतात. ती शेतकरी बंधूंस ठाऊक असावीत म्हणून हा लेख.

तत्त्वे मोडली वा निसर्ग अनावर झाला म्हणजे काय होते, याचे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात घडले. त्या देशाचे तेल अँडीज पर्वत ओलांडून समुद्रकिनारी नेणारा नळ १९८७ च्या ५ मार्च रोजी झालेल्या भूकंपांनी तुटला. तुटला म्हणजे भूकंपाच्या हादऱ्याने नव्हे. आधीच्या पावसाने चिंब झालेले डोंगरउतार त्या हादऱ्याने सुटले आणि त्यांनी सुमारे ७० किलोमीटर लांबीचा नळ नष्ट वा जायबंदी केला. देशाची तेलनिर्यात कित्येक महिने बंद पडली. त्याच भागात २०२० च्या एप्रिलमध्ये कोका नदीने काठ कोरून काढला आणि तोच नळ पुन्हा तुटला. दोन्ही वेळा नळ नव्हे, नळाखालची जमीन फसली.

आपल्या डोंगरांची गोष्ट फारशी निराळी नाही. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. दोन कठीण थरांच्या मध्ये कोठे मऊ मांजऱ्या खडक, कोठे गेरूसारखा तांबडा पट्टा सापडतो. वरून मुरलेले पाणी त्या पट्ट्यापाशी अडते आणि आडवे वाहून उताराच्या अंगास पाझरते. श्रावणात डोंगराच्या मध्यावरच एका रेषेत झरे फुटलेले आपण पाहतो, ते याच कारणाने. त्या रेषेवरील माती वर्षातील तीन चार महिने लोण्यासारखी असते. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरी एका दिवसात ५९४ मिलिमीटर, म्हणजे २३ इंचांहून अधिक पाऊस पडला आणि त्याच रात्रीच्या सुमारास पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. दरड ही मातीच्या सरकण्याची शेवटची व भयंकर पायरी. परंतु तिच्या आधी कित्येक वर्षे उतारावरील माती दरसाल बोटभर, दोन बोटे खाली उतरत असते. वाकलेली झाडे, पोट फुगलेल्या ताली आणि कललेले विजेचे खांब ही तिची साक्ष.

या मंद गतीने सरकणाऱ्या मातीत नळ पुरलेला असला म्हणजे काय होते ते पाहू. माती नळास चारी बाजूंनी घट्ट धरते आणि सरकताना आपल्याबरोबर ओढते. नळ जर सरळ उताराच्या दिशेने, वरून खाली गेलेला असेल, तर सरकणाऱ्या तुकड्याच्या माथ्यापाशी तो ताणला जातो आणि पायथ्यापाशी दाबला जातो. लोखंडी नळास माथ्याकडे सांध्यात चीर जाते व पायथ्याकडे सुरकुती पडते. पीव्हीसीचा नळ माथ्यावर सॉकेटमधून निसटतो आणि पायथ्याशी एकमेकांत घुसून सॉकेट फाडतो. नळ उताराला आडवा गेलेला असेल तर मात्र माती त्यास मध्यावर धनुष्यासारखा वाकविते. नळाचे बळ लांबीच्या दिशेने बरेच असते, वाकण्यास तो त्या मानाने दुबळा. यावरून पहिला नियम निघतो तो हा की, चढण चढावयाची ती सरळ चढावी. उताराच्या कुशीतून तिरके किंवा आडवे जाऊ नये. पायवाट वळणे घेत चढते म्हणून नळही तसाच न्यावा ही समजूत चुकीची आहे. बैलास चढ लागतो, पाण्यास उंची तेवढी लागते. वळणे वाढविल्याने ती कमी होत नाही. ज्यास निवड असेल त्याने डोंगराची सोंड, म्हणजे दोन ओघळींमधील उंचवटा, नळासाठी निवडावा. तेथे माती पातळ, खडक जवळ आणि पाणी दोन्ही अंगांस निघून जाणारे असते. ओघळीतून नेलेला नळ खणण्यास सोपा. ठेकेदार तोच मार्ग सुचवितो. पण ओघळीतील गाळ हा वरून उतरूनच तेथे आलेला असतो आणि त्याचा प्रवास संपलेला नसतो.

दुसरी गोष्ट चराची. उतारावर खणलेला चर म्हणजे एक आयती मोरीच होय. भर कितीही दाबून घातली तरी ती आजूबाजूच्या न हललेल्या मातीपेक्षा पोकळ राहते; पावसाचे पाणी त्यात शिरते आणि नळाच्या बुडाशी वाट काढून वेगाने खाली धावते. त्याने नळाखालची गादी धुपून जाते आणि नळ हात दोन हात अधांतरी लोंबू लागतो. आतील पाण्याचे ओझे व वरील मातीचा भार त्या अधांतरी तुकड्यावर पडून तो मध्यभागी फुटतो. तेलाच्या नळाच्या चरात यासाठी ठराविक अंतरावर वाळूच्या पोत्यांचे आडवे बांध घालतात; चढ जितका उभा तितके ते जवळ. बांध चराच्या तळापासून जमिनीच्या पातळीपर्यंत आणि दोन्ही कडांमध्ये थोडे खाच घेऊन आत शिरलेले असावेत, नाहीतर पाणी बाजूने निघून जाते. पोती गोणपाटाची घेतल्यास ती दोन वर्षांत कुजतात. दगड व चिकणमातीचा बांध आपल्या मुलखात सहज होतो व टिकतो. चरावर माती थोडी वरंब्यासारखी उंच ठेवावी आणि मधून मधून तिरका पाट काढून वरून येणारे पाणी शेजारच्या गवती जमिनीवर सोडावे. एवढे केले तरी उतारावरील नळांचे निम्मे दुखणे टळते, असा अनुभवी गवंड्यांचा अभिप्राय आहे आणि तो आम्हांस मान्य आहे.

नळ घट्ट धरावा की मोकळा ठेवावा, हा यापुढचा प्रश्न. येथे पुष्कळांची चूक होते, कारण उत्तर जागेप्रमाणे बदलते. जमीन जेथे स्थिर आहे, खडक किंवा घट्ट मुरूम आहे, तेथे नळ घट्ट धरावा. जमीन जेथे सरकणारी आहे तेथे तो जितका मोकळा तितका बरा, कारण मातीची पकड हेच तेथे ताणाचे मूळ. म्हणून तेल कंपन्यांचे अभियंते सरकत्या उतारावर चर उथळ ठेवतात, त्याच्या भिंती उभ्या न करता पसरट कापतात, नळाभोवती घट्ट चिकणमातीऐवजी सैल वाळू वा बारीक खडी भरतात आणि काही ठिकाणी नळाभोवती गुळगुळीत कापडाचे दोन थर गुंडाळतात, म्हणजे माती सरकली तरी ती नळावरून घसरून जाते. उतारावरचा नळ जितका खोल पुरावा तितका सुरक्षित, हा आपल्याकडील रूढ समज अशा जागी उलट फळ देतो. नांगराचा फाळ लागणार नाही इतकी खोली मात्र ठेवलीच पाहिजे. सरकती पट्टी फारच धोक्याची असेल तर नळ न पुरता जमिनीवरून नेणे हाही एक मार्ग आहे. अलास्कातील १९७७ साली पुरा झालेला सुमारे १,२८७ किलोमीटरचा तेलाचा नळ निम्म्याहून अधिक लांबी खांबांवरून नागमोडी नेलेला आहे, तो मुख्यतः गोठलेली जमीन वितळून खचू नये म्हणून. आणि २००२ साली ७.९ प्रतीच्या भूकंपात जमीन काही मीटर सरकली तरी रुळांसारख्या तुळयांवर तो घसरला, फुटला नाही. पाण्याचा लोखंडी नळ दगडी खांबांवरून ओघळ ओलांडताना आपण पाहतो, त्यातही हाच गुण आहे. पीव्हीसीचा नळ मात्र उन्हात उघडा टाकू नये, तो ठिसूळ होतो.

काळ्या जमिनीचा त्रास निराळा. ती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्या हालचालीत नळास वर उचलते व खाली सोडते. नळ काळ्या रानातून निघून जेथे मुरमाच्या चढणीस लागतो, तो सांधा विशेष जपावा. एक बाजू हलते, दुसरी हलत नाही आणि ताण नेमका त्या हातभर जागेत एकवटतो. तेथे चर रुंद करून नळाभोवती वीतभर मुरूम किंवा वाळू भरावी व रबरी कड्याचा सांधा घालावा, म्हणजे थोडी हालचाल सांध्यातच जिरते.

आता ठोकळ्यांविषयी. पाण्याची उंची १० मीटर वाढली की दाब दर चौरस सेंटिमीटरला १ किलोग्रॅमने वाढतो. ६० मीटर चढाच्या पायथ्याशी तो ६ किलोग्रॅम होतो. २०० मिलिमीटर व्यासाचा नळ तेथे काटकोनात वळविला असेल, तर त्या बेंडास बाहेर ढकलणारा जोर सुमारे साडेसव्वीस क्विंटल येतो, म्हणजे उसाने भरलेल्या एका बैलगाडीचा भार अहोरात्र त्या कोपऱ्यास रेटीत असतो. नुसत्या सोल्युशनने चिकटविलेला सांधा हे किती दिवस सोसणार? प्रत्येक वळणाच्या, उताराच्या माथ्याच्या व पायथ्याच्या जागी काँक्रीटचा ठोकळा घालावा, आणि त्याची पाठ खणलेल्या भरीस नव्हे तर न हललेल्या जमिनीस टेकलेली असावी. भरीस टेकलेला ठोकळा म्हणजे वाळूच्या ढिगास पाठ लावून बसणे होय. वळण एकदम काटकोनात न घेता दोन तीन लहान बेंडांत वाटून द्यावे. दाबाच्या याच हिशेबाने पायथ्याकडील नळ ८ किंवा १० किलो दाबाचा व माथ्याकडील ४ किंवा ६ किलोचा घेता येतो. सर्व लांबी एकाच जातीची घेणे म्हणजे वर पैसा वाया आणि खाली जीव धोक्यात.

उष्णतेचा ताण शेतकऱ्याच्या सहसा ध्यानी येत नाही. पीव्हीसीचा १०० मीटर नळ ३० अंशांनी थंड झाला तर तो सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर आखडतो. मे महिन्याच्या दुपारी नळ उन्हात तापलेला असताना सांधे चिकटवून लगेच माती लोटली आणि रात्री त्यात नदीचे गार पाणी सोडले, तर ती वीतभर लांबी कोठून तरी निघणारच. ती सांध्यातून निघते. नळ चरात किंचित नागमोडी सोडावा, सांधे जोडून रात्रभर राहू द्यावे व पहाटेच्या गारव्यात माती लोटावी. लोखंडी नळ जागच्या जागी जखडलेला असेल तर दर अंशास चौरस सेंटिमीटरला सुमारे २४ किलोग्रॅम ताण येतो. ३० अंशांस ७२० किलोग्रॅम. तेलवाहिन्यांस वापरतात त्या चांगल्या पोलादाच्या सहनशक्तीचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा झाला, आणि तोही नळात थेंबभर तेल न सोडता. म्हणून त्यांचे शेवटचे सांधे शक्य तेथे गार वेळी जोडतात. उतारावर नळ टाकताना खालून वर चढत यावे व सॉकेटचे तोंड चढाकडे ठेवावे, म्हणजे प्रत्येक नळ आपल्या खालच्या नळात बसतो, निसटत नाही.

वीज एकाएकी गेली म्हणजे चढणीवरील पाण्याचा स्तंभ थबकतो, मागे फिरतो आणि झडपेवर आदळतो. दर सेकंदास १ मीटर वेगाने वाहणारे पाणी क्षणात थांबले तर पीव्हीसी नळात ३० ते ४० मीटर आणि लोखंडी नळात १०० मीटरच्या आसपास उंचीइतका जादा दाब उठतो. पंपाजवळ एक व उंच चढणीच्या मध्यावर दुसरा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, तसेच प्रत्येक उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह, हा यावरील उपाय सर्वांस ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे ऑटोस्विच. वीज परत येताच तो पंप सुरू करतो. त्या वेळी परतलेले पाणी स्थिरावलेले नसते आणि नव्या पाण्याचा धक्का जुन्या धक्क्यावर बसतो. स्विच लावावयाचाच तर काही मिनिटे थांबून सुरू होणारा लावावा.

नळ आधीच पुरलेला आहे आणि उतार सरकतो असे दिसते, तर काय करावे? तेलाच्या नळावर अशा वेळी जे करतात त्याचे तत्त्व साधे आहे. प्रथम आतील दाब उतरवितात. नंतर सरकणाऱ्या तुकड्यावरील माती, घाई न करता, नळास धक्का न लावता काढतात. साठलेला ताण मोकळा होऊन नळ आपल्या मूळ रेषेकडे परततो; कधी हातभर बाजूसही उसळतो, म्हणून चरात उभे राहून काम करणे धोक्याचे असते. नंतर सैल वाळूची नवी भर घालून तो पुन्हा झाकतात आणि मुख्य म्हणजे उताराचे पाणी वरच्या अंगासच वळवितात. नळाच्या अंगावर ताण मोजणारी बारीक यंत्रे बसवून पुढील पावसाळ्यात किती ताण वाढला तेही पाहतात. आपल्या नळास यंत्र नको. पण चढणीवर रेषेत चार खुंट्या ठोकून त्यांतील अंतर मृगापूर्वी व दसऱ्यास मोजून लिहून ठेवले, तर माती सरकते की नाही हे दोन वर्षांत निश्चित कळते. पीव्हीसीचा नळ असा उघडून सांध्यांत लांबी घालून घेण्यास एका कुटुंबाचे दोन तीन दिवस पुरतात.

येथे एका विरोधाचा उल्लेख करणे भाग आहे. माण, खटाव, आटपाडीसारख्या कमी पावसाच्या भागात डोंगरावर समतल चर खणून पाणी मुरविण्याचे काम झाले आहे व ते स्तुत्यच आहे. परंतु पाणी मुरविणे आणि उतार कोरडा ठेवणे या एकमेकींविरुद्ध गोष्टी होत. पातळ मुरमाच्या माळावर यांत हरकत नाही. पाणी खडकाच्या भेगांत उतरते. पाटण, जावळीकडील जाड तांबड्या मातीच्या आणि अतिपावसाच्या उतारावर मात्र नळाच्या वरच्या अंगास चर, शेततळे किंवा पाणी तुंबविणारी भातखाचरे असणे धोक्याचे आहे. तेथे नळ हलवावा किंवा पाणी हलवावे. दोन्ही एकाच कुशीत ठेवू नयेत.

तेलाचा वा वायूचा नळ ज्यांच्या रानातून जातो वा पुढे जाईल, त्यांनी १९६२ चा पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन अधिनियम जाणून घ्यावा. या कायद्याने सरकार जमीन घेत नाही, जमिनीखालून नळ नेण्याचा वापर-हक्क घेते. सातबारा शेतकऱ्याच्याच नावे राहतो. अधिसूचनेनंतर २१ दिवसांत हरकत नोंदविता येते. पिकाची व इतर नुकसानीची भरपाई निराळी, आणि शिवाय जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम मिळते. त्या पट्ट्यात पूर्वीप्रमाणे पीक घेता येते. घर, विहीर, तळे, बंधारा बांधता येत नाही व झाड लावता येत नाही. ही बंधने जाचक वाटतात, पण विहीर व तळे यांच्या बंदीचे एक कारण वर सांगितलेल्या ताणातच आहे. मात्र उतारावर काम चालू असताना शेतकऱ्याने मूकपणे पाहत राहू नये. फोडलेली ताल पूर्वीच्या उंचीस बांधून दिली काय, चरात आडवे बांध घातले काय, वरची सुपीक माती निराळी काढून पुन्हा वर पसरली काय, पाण्याचे पाट कोणाच्या रानात सोडले, हे कंपनीचे लोक जाण्यापूर्वी पाहून घ्यावे व लेखी मागावे. पहिल्या पावसानंतर पट्ट्यावर आडवी भेग, खचलेली रेघ किंवा नवा झरा दिसला, तर नळाच्या खुणेच्या दगडावर लिहिलेल्या ठिकाणी त्याच दिवशी कळवावे. आपल्या स्वतःच्या पाइपलाइनीवर अशी भेग दिसली, तर ती प्रथम चिकणमातीने बुजवावी, म्हणजे पाणी आत शिरत नाही. वरच्या अंगास पाट काढावा. आणि पंप बंद ठेवून त्या तुकड्याचे दोन्ही टोकांकडील सांधे उघडून पाहावे. हे काम वाफसा येईपर्यंत थांबवू नये.